डेल्कोचं झाकण: आजोबांची फियाट आणि 'बरोबर' पार्टची गोष्ट

आधी माफी मागतो. या एपिसोडच्या ऑडिओत मागे सतत पावसाचा आवाज आहे, कारण तो मी म्हसळ्याला, आमच्या घराच्या पडवीत, पत्र्याखाली बसून रेकॉर्ड केलाय. काही जणांनी कळवलं की अर्ध्या वाक्यांचं काही कळत नाही. त्यांच्यासाठी हा लिखित एपिसोड. बोलताना जे विसरलो होतो तेही यात घातलंय.

मागच्या वेळी आपण अमेरिकन मसल कारवर बोललो. १९६४ चा पाँटिअक जीटीओ, मोठं व्ही-८ इंजिन, तसं बऱ्यापैकी छोटं अंग. त्यात शेवटी मी सांगितलं होतं की या गाड्या आज जे लोक दुरुस्त करतात, ते इग्निशनचा एकेक पार्ट 'त्या काळाचा' शोधतात. जनरल मोटर्सच्या गाड्यांच्या प्लगच्या वायरींवर कोणत्या वर्षाच्या कोणत्या तिमाहीत ती वायर बनली, तेसुद्धा छापलेलं असायचं. प्रदर्शनातले परीक्षक वाकून ते वाचतात. गाडी १९६९ च्या सुरुवातीची आणि वायर १९६९ च्या शेवटची असेल, तर गुण कापले. म्हणून आता तिकडे जुनी तारीख छापलेल्या नव्या वायरी विकत मिळतात. मला याची गंमत वाटते. खोटी तारीख घातली की गाडी जास्त खरी ठरते!

तर एका श्रोत्याने विचारलं, भाऊ, हे सगळं अमेरिकेचं झालं, आपल्याकडे असं काही आहे का? मी तेव्हा नाही म्हणालो असतो. पण जूनमध्ये घोणसे घाटात जे झालं, त्यानंतर मी दोन महिने दुसरं काही केलेलं नाही. म्हणजे ऑफिसचं काम सोडून.

आमच्याकडे १९७१ ची फियाट ११०० डी आहे. 'डिलाइट' म्हणायचे तिला. मसल वगैरे काही नाही, नुसती हाडं आहेत. १०८९ सीसीचं इंजिन, चाळीसेक हॉर्सपॉवर, स्टिअरिंगवरचा गिअर. आजोबांनी ती मुंबईत नोकरीला असताना सेकंडहँड घेतली आणि रिटायर झाल्यावर म्हसळ्याला आणली. त्यांनी ती माझ्या कॉलेजच्या वर्षांपर्यंत चालवली, मग डोळे गेले आणि गाडी पडवीत गेली. गेल्या वर्षी मी ती पुन्हा चालू केली. लॉकडाऊननंतर घरून काम करायची सवय लागलेल्या माणसाला काहीतरी उद्योग लागतो.

जूनच्या मध्यावर आजोबांना माणगावला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. रिक्षा नको, एसटी नको, 'आपली गाडी काढ' म्हणाले. काढली. घाट चढताना गाडी आधी फट्फट् करायला लागली, मग मेली. पाऊस सुरू, वळण, मागे एसटी हॉर्न मारतेय, आणि आजोबा मागच्या सीटवर छत्री धरून ताठ बसलेले. एसटीचा कंडक्टर आणि दोन कॉलेजची पोरं उतरली, गाडी कडेला लावली. वीस मिनिटांनी इंजिन गार झालं, पहिल्या सेल्फला चालू. दोन किलोमीटरवर पुन्हा बंद. असं तीनदा. डॉक्टर हुकले.

त्या रात्री बाबांनी विषय संपवला. म्हणाले, "गणपतीपर्यंत भरवशाने चालली तर ठेवू. नाहीतर भंगारवाल्याला मी स्वतः फोन करतो. आजोबांना घाटात पावसात बसवणार नाही मी परत." आजोबा काही बोलले नाहीत. ते जास्त वाईट होतं.

आता हे इग्निशन म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो, कारण तुमच्यातल्या बहुतेकांनी बॉनेट उघडून फक्त प्लॅस्टिकचं काळं कव्हर पाहिलं असेल. बॅटरी १२ व्होल्टची. प्लगमध्ये ठिणगी उडवायला मात्र काही हजार व्होल्ट लागतात. त्यासाठी कॉइल. कॉइलमधून करंट वाहत ठेवायचा आणि एकदम तोडायचा. तोडला की तिच्या दुसऱ्या वेटोळ्यात प्रचंड व्होल्टेज तयार होतं. तोडायचं काम करतात दोन छोट्या धातूच्या टिकल्या, म्हणजे पॉइंट. इंजिनबरोबर फिरणारा एक कॅम त्यांना उघडतो आणि सोडतो. तयार झालेला करंट कोणत्या सिलिंडरला द्यायचा, ते फिरणारा रोटर ठरवतो. हे सगळं ज्या डब्यात असतं तो डिस्ट्रिब्युटर. चार सिलिंडरच्या गाडीत ३००० आरपीएमला सेकंदाला १०० ठिणग्या लागतात, म्हणजे ते पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडमीट करतात. दोन टिकल्यांमधली फट अर्ध्या मिलिमीटरच्याही आत. आणि दर वेळी उघडताना त्या टिकल्यांवरच ठिणगी उडून त्या जळू नयेत म्हणून बाजूला एक छोटा डबा असतो, कंडेन्सर. आपण ज्याला कपॅसिटर म्हणून फिजिक्समध्ये रट्टा मारला, तोच.

आमचा गुन्हेगार तोच निघाला. तीन आठवड्यांपूर्वी मी नवीन घेतलेला. गरम झाला की मरायचा, गार झाला की जिवंत. ज्या दुकानातून घेतला त्याचं नाव घेत नाही. त्यांनी तो 'ओरिजिनल' म्हणून दिला होता आणि मीही खोक्यावरचा जुना लोगो बघून खूश होऊन घेतला होता. लोगो चुकीच्या फाँटमध्ये होता. हे घरी आल्यावर दिसलं.

आता पार्ट निवडायचे कसे, हा प्रश्न. आमच्या गावातले मिस्त्री, ज्यांना मी लहानपणापासून चाचा म्हणतो, सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांना गाडी दाखवली. त्यांनी झाकण काढून बघितलं आणि म्हणाले, "डेल्को बरा हाय. पॉइंट पण चालतील. तू फक्त कचरा घेऊन आलास."

इथे थांबतो. डेल्को.

चाचा डिस्ट्रिब्युटरला डेल्को म्हणतात. तुमच्या आसपासचा कुणी जुना मिस्त्री असेल तर त्याला विचारा, तोही बहुतेक तेच म्हणेल. मला वाटायचं हा कुठला तरी बिघडलेला इंग्रजी शब्द. तसं नाहीये. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेटन नावाचं शहर आहे. तिथे १९०९ मध्ये चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी काढली. आद्याक्षरं जोडा: डेल्को. बॅटरी, कॉइल आणि पॉइंटची जी इग्निशन मी वर सांगितली ती केटरिंगने १९१० च्या कॅडिलॅकसाठी बनवली, आणि पुढची साठेक वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या त्याच पद्धतीने चालल्या. मग डेल्को जनरल मोटर्सकडे गेली. स्पॅनिशमध्ये आणि फ्रेंचमध्येही डिस्ट्रिब्युटरला आजतागायत डेल्को म्हणतात. म्हणजे म्हसळ्यातले आमचे चाचा आणि माद्रिदमधला एखादा मेकॅनिक हा एक शब्द सारखाच बोलतात.

आणि अमेरिकन गाड्या आपल्यापासून लांब नव्हत्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना काढला होता. शेवरोले गाड्या सुट्या भागांत जहाजातून यायच्या, शिवडीला जोडल्या जायच्या. फोर्डही मुंबईत होती. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ जोडायला सुरुवात केली. म्हणजे ज्या कंपन्यांनी पुढे अमेरिकेत मसल कार बनवल्या, त्या एकेकाळी मुंबईत गाड्या जोडत होत्या.

मग १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनचा अहवाल आला. ज्यांच्याकडे पार्ट इथेच बनवायचा कार्यक्रम असेल त्यांनीच राहायचं, नुसत्या जोडणीचं काम बंद. जनरल मोटर्स आणि फोर्ड गेल्या. प्रीमियर राहिली, पण क्रायस्लरच्या मोठ्या गाड्यांपेक्षा फियाटच्या छोट्या गाड्यांवर तिने भर दिला. १९५४ पासून फियाट ११०० आली. तीच ती 'डुक्कर फियाट', पुढून खरंच तशी दिसायची म्हणून. १९६४ पासून ११०० डी, म्हणजे आमची. पुढे १९७४ मध्ये तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं.

अमेरिकन कारखाने गेले, शब्द राहिला.

हे सगळं मी का सांगतोय? कारण पार्ट निवडताना माझी पहिली मोठी चूक इथेच झाली. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. डॉक्युमेंटेशन वाचल्याशिवाय हात लावायचा नाही, असं शिकलेलो. म्हणून मी इंटरनेटवरून फियाट ११०० डी चं इटालियन मॅन्युअल उतरवलं, भाषांतराच्या ॲपमधून काढलं, आणि त्यानुसार मॅग्नेटी मरेल्लीचा डिस्ट्रिब्युटर, त्याचेच पॉइंट, सगळं इटलीहून मागवायची यादी केली. मॅग्नेटी मरेल्ली ही फियाटची घरचीच कंपनी म्हणा, १९१९ मध्ये फियाट आणि एर्कोले मरेल्ली यांनी मिळून काढलेली. म्हणजे यापेक्षा ओरिजिनल काय असणार?

यादी तयार झाल्यावर लक्षात आलं की त्या मॅन्युअलमधलं इंजिन १२२१ सीसीचं आहे. इटलीतल्या ११०० डी ला मोठं इंजिन होतं. कुर्ल्याने बॉडी नवी घेतली, इंजिन मात्र जुनं १०८९ चंच ठेवलं. नाव एक, गाडी वेगळी. ज्यांनी कधी चुकीच्या व्हर्जनचं डॉक्युमेंटेशन वाचून अख्खा शनिवार घालवलाय, त्यांना माझं दुःख कळेल. टायमिंग किती पुढे ठेवायचं, प्लग कोणता, हे सगळं इंजिनावर अवलंबून असतं. त्या मॅन्युअलचा आकडा आमच्या गाडीला लावायचा काही आधार नव्हता.

आणि आमच्या गाडीवर मरेल्ली नव्हताच. लुकास-टीव्हीएसचा होता. ही कंपनी १९६१ मध्ये मद्रासला सुरू झाली, ब्रिटनची लुकास आणि टीव्हीएस यांची भागीदारी. परकीय चलनाची टंचाई, आयातीवर बंधनं, त्यामुळे गाडीचा एकेक पार्ट इथे बनवायला घेण्याचा तो काळ. तसंच प्लगचं. बंगळुरूची मोटार इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे मायको, १९५१ मध्ये बॉशच्या सहकार्याने सुरू झाली आणि प्लग बनवायला लागली. म्हणजे सत्तरच्या दशकातली भारतीय फियाट कशी? चेहरा तुरिनचा, जोडणी कुर्ल्याची, ठिणगी मद्रास-बंगळुरूची. इटलीहून मागवलेला चकचकीत मरेल्ली डिस्ट्रिब्युटर बसवला असता तर तो फियाटला शोभला असता, आमच्या गाडीला नाही.

मी लुकास-टीव्हीएसच्या त्या डब्यावर टॉर्च मारून नंबर वाचत बसलो होतो. मनात असं की हा १९७१ चा, कारखान्यातून आलेला, याला हात लावायचा नाही. चाचा पाच मिनिटं बघत राहिले. मग म्हणाले, "काय शोधतोस? तो मीच बसवलाय."

मी आजोबांकडे गेलो. आजोबांची एक वही आहे, लाल कापडी पुठ्ठ्याची, बाजारात दुकानदार वापरतात तशी. तिच्यात गाडीवर झालेला प्रत्येक खर्च आहे. पेट्रोलसुद्धा. मी ती आजवर कधी नीट वाचली नव्हती. मार्च १९८८ च्या पानावर लिहिलंय: 'डेल्को बदलला. कुर्ला. जुना, टॅक्सीचा.' खाली रक्कम आणि चाचांची मजुरी.

म्हणजे ज्याला मी १९७१ चा इतिहास समजून जपत होतो, तो कुणा टॅक्सीचा उतरवलेला माल होता. मला आधी वाईट वाटलं. मग ती वही पुढे वाचत गेलो आणि वाटणं बदललं. दर दिवाळीच्या आसपास 'पॉइंट'. दर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी 'प्लग ४, मायको'. पावसाळ्याच्या तोंडाशी 'डेल्कोचे झाकण', कारण आमच्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत झाकणाच्या आत ओल धरते आणि करंट प्लगकडे जायच्या ऐवजी झाकणाच्या आतूनच पळतो. त्याची काळी केसासारखी रेघ उमटते. ती एकदा उमटली की झाकण गेलं. मुंबईत राहणाऱ्या फियाटवाल्याला ते चार वर्षं पुरत असेल, म्हसळ्याला नाही पुरत.

अमेरिकन परीक्षक वायरवरची तिमाही वाचतात. आमच्याकडे वही आहे.

आणि टॅक्सीचा माल हे काही कमीपणाचं नव्हतंच. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी वर्षानुवर्षं फियाट आणि पद्मिनीच होत्या, म्हणून पार्टांचा बाजार जिवंत राहिला. ऑपेरा हाउसची दुकानं, चोरबाजार, कुर्ल्याचं भंगार, पुण्यात नाना पेठ. नवीन गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून थांबायचा तो जमाना. पार्टसाठी मात्र टॅक्सीवाल्याला थांबता येत नसे, त्याचं पोट त्या दिवसावर. म्हणून त्याला जे मिळालं, परवडलं आणि टिकलं, तेच खासगी गाड्यांतही गेलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस त्या रस्त्यावरून गेल्या. तेव्हा सगळ्यांनी टॅक्सीबरोबर सेल्फी टाकले. गिऱ्हाईक संपल्यावर पॉइंट आणि कंडेन्सर कोण बनवणार, हा विचार तेव्हा मी तरी केला नव्हता. माझ्या नकली कंडेन्सरचं मूळ तिथे आहे.

तर मग निवड. माझ्यापुढे सरळ तीन वाटा होत्या.

एक, इलेक्ट्रॉनिक किट. पॉइंट आणि कंडेन्सर काढून टाकायचे, त्या जागी सेन्सर बसवायचा. अमेरिकेत पर्ट्रॉनिक्स वगैरेंची अशी किट पूर्ण झाकणाखाली लपतात, बाहेरून काही कळत नाही. आणि हे काही आजचं पाप नाही. पाँटिअकने १९६३ मध्येच ट्रान्झिस्टरची इग्निशन पर्याय म्हणून दिली होती, क्रायस्लरने १९७३ पर्यंत आपल्या अमेरिकेतल्या सगळ्या गाड्यांना इलेक्ट्रॉनिक करून टाकलं. खरं सांगतो, रोज ऑफिसला जायला गाडी वापरायची असती तर मी हेच केलं असतं. जो नाही म्हणतो त्याने घाटात आजोबांना घेऊन उभं राहून दाखवावं.

माझी अडचण वेगळी होती. किट गेलं की गेलं. रस्त्यावर त्याचं काही करता येत नाही. पॉइंट बिघडले तर चाचा पॉलिश पेपर आणि फिलर घेऊन दहा मिनिटांत गाडी चालू करतात, फिलर नसेल तर पोस्टकार्ड दुमडून फट लावतात. इथून जवळचं किट विकणारं दुकान मुंबईत. चाचा इथून दोन गल्ल्यांवर.

दुसरी वाट, सगळं नवीन बनावटीचं घ्यायचं. आणि तिसरी, जुना न वापरलेला माल शोधायचा, ज्याला सगळे एनओएस म्हणतात: त्या काळी बनलेला, खोक्यात पडून राहिलेला. मी अर्थातच तिसऱ्या वाटेवर धावलो. ऑपेरा हाउसला गेलो, नाना पेठेत गेलो, चोरबाजारात एक शुक्रवार घालवला. तिथे एका म्हाताऱ्या दुकानदाराने लुकास-टीव्हीएसच्या खोक्यातले पॉइंट काढून दिले, खोक्याचा पुठ्ठा वाळवीने खाल्लेला. आत पॉइंट तेलकट कागदात, कोरे करकरीत. मी त्याच खोक्यांच्या शेजारचे दोन कंडेन्सरही उचलले. तो म्हणाला, "वो मत लो." मला वाटलं जास्त भाव करतोय.

घरी आणून मोजले. माझ्याकडे साधा मल्टिमीटर आहे. अशा कंडेन्सरची किंमत साधारण ०.२ ते ०.२५ मायक्रोफॅरड असते. दोन्ही बरोबर दाखवत होते. बसवला, गाडी चालली, मी खूश. बाजारपेठेला दोन चकरा मारल्या आणि पुन्हा फट्फट्. दुसराही तसाच.

इथे जरा रेंगाळतो, कारण जुन्या गाड्यांवाले बरेच जण इथे फसतात. जुन्या कंडेन्सरच्या आत धातूचा पातळ पत्रा आणि कागद यांची गुंडाळी असते. वापरला नाही तरी तो कागद तीस-चाळीस वर्षांत दमट हवा पितो. मल्टिमीटर काही व्होल्टवर मोजतो, म्हणून त्याला सगळं ठीक दिसतं. पॉइंट उघडतात त्या क्षणी कंडेन्सरवर शेकडो व्होल्ट येतात, वर इंजिनची गरमी, आणि मग तो आतून गळायला लागतो. पॉइंट धातूचे, त्यांचं वय होत नाही. वरचा गंज पुसला की झालं. रोटर आणि बेकेलाइटचं झाकण तडा नसेल तर चालतं. रबरी वायर कडक होऊन तडकते. म्हणजे 'जुना कोरा माल' हा एक प्रकार नाहीच. पार्ट कशाचा बनलाय, ते बघून ठरवायचं. तो म्हातारा दुकानदार भाव करत नव्हता.

मग मी एक फसवणूक केली. त्या मेलेल्या जुन्या कंडेन्सरचा डबा कडेने कापला, आतली गुंडाळी काढली, आणि त्यात आजच्या बनावटीचा, भरपूर व्होल्टेज सोसणारा फिल्म कपॅसिटर सोल्डर करून बसवला. वर एपॉक्सी. बाहेरून लुकास-टीव्हीएस, आतून गेल्या वर्षीचा. खोट्या तारखेच्या वायरींना मी सुरुवातीला हसलो होतो, हे मला आठवतंय. तरी मी केलं, आणि अजून मला त्यात काही चूक वाटत नाही. त्यांची खोटी तारीख परीक्षकाला दाखवायला असते. माझा कपॅसिटर आजोबांना माणगावला पोचवायला होता.

कॉइलच्या बाबतीत उलट सावध राहायला लागलं. दुकानात म्हणतात, बारा व्होल्टची ना, मग कोणतीही घ्या. तसं नाही. पॉइंटच्या जुन्या गाडीला साधारण ३ ओहमची कॉइल लागते, म्हणजे चार अँपिअरच्या आसपास करंट. इलेक्ट्रॉनिक गाड्यांच्या कॉइली दीड ओहमच्या किंवा त्याहून कमी मिळतात. मधे रेझिस्टर नसेल तर त्या पॉइंटमधून दुप्पट करंट ओढतात आणि चांगले पॉइंट काही दिवसांत जाळतात. आमच्या गाडीत रेझिस्टर नाही. दुकानात मल्टिमीटर नेऊन काउंटरवर मोजून घेतली. दुकानदार असा बघत होता जणू मी भाजी मोजायला घरचा काटा आणलाय. ही कॉइल नवीन बनावटीची आहे, आणि तसं दिसतंही. चालेल.

प्लगचा घोळ सगळ्यात मजेशीर. वहीत एका ठिकाणी '१७५' लिहिलंय. जुन्या मायको प्लगवर १४५, १७५, २२५ असे आकडे असायचे, ही बॉशची जुनी पद्धत. आकडा मोठा तितका प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा. पुढे बॉशने पद्धत उलटवली: ७, ५ असे छोटे आकडे, आणि आकडा छोटा तितका प्लग थंड. १७५ चा आजचा भाऊ ७. मी जुन्या पद्धतीने विचार करून 'जरा गरम प्लग घेऊ, गाडी हळूच चालते' म्हणून छोटा आकडा शोधत होतो, म्हणजे बरोबर उलट. चाचांनी थांबवलं. मायको २००८ मध्ये बॉश लिमिटेड झाली, त्यामुळे ज्या प्लगवर मायको छापलंय तो बहुतेक त्याआधीचा. तसे चार मला नाना पेठेत मिळाले. चिनी मातीचं वय होत नाही. ते लावले.

कायद्याचंही बघून ठेवलं. २०२१ पासून पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. माझ्या कंडेन्सरमध्ये काय आहे ते त्यांच्या नियमात कुठे बसत नाही. पण त्या नोंदणीची गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला, एवढंच. आजोबांना डॉक्टरकडे नेणं त्यात बसत नाही. म्हणून अर्ज केला नाही. फिटनेस करून जुनी नोंदणीच पुढे चालवायची. हो, आरसी बुकावर जिल्हा अजून 'कुलाबा' आहे. तो रायगड झाला १९८१ मध्ये, मुख्यमंत्री अंतुले असताना, आणि अंतुले आमच्याच तालुक्यातल्या आंबेतचे. बाकी सगळ्याचे पार्ट बदलले, त्या पानावरचं नाव कुणी बदललं नाही.

गणपतीच्या चार दिवस आधी पाऊस जोरात होता. मी मुद्दाम तोच दिवस निवडला. चाचा पुढे, आजोबा मागे. घोणसे घाट, साई, मोर्बा, माणगाव; डोळ्यांचा डॉक्टर; चहा; परत. एकदाही बंद पडली नाही. परत येताना घाटात चाचांनी मला बाजूला थांबायला सांगितलं आणि मी घाबरलो. त्यांना लघवीला जायचं होतं.

बाबांनी फोन केलेला नाही. पेट्रोलपंपाचा पडदा मात्र गळायला लागलाय. आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर खराब होतं, त्यावर कधीतरी वेगळा एपिसोड करू.

संध्याकाळी आजोबांनी वही मागितली. त्यांना आता लिहिता येत नाही, म्हणून मी लिहायला बसलो. तारीख, पॉइंट, कॉइल, प्लग ४, प्रत्येकाची किंमत. कंडेन्सरपाशी मी लिहिलं, 'फिल्म कपॅसिटर, ०.२२ मायक्रोफॅरड, जुन्या डब्यात.' वाचून दाखवलं. आजोबा म्हणाले, "एवढं नको. कुठून घेतला ते लिही. आणि मिस्त्रीला किती दिले?"

मी चाचांना काही दिलेच नव्हते. वही बंद करून दोन गल्ल्या चालत गेलो.